शाळेचं ग्रंथालय मुलांना आपलं कधी वाटतं?

एका शिक्षिकेकडे यंदा वर्गाच्या कामाबरोबर शाळेच्या ग्रंथालयाची जबाबदारी आली आहे. त्यांनी सुट्टीत खोली रंगवून घेतली, भिंतींवर चित्रं काढून घेतली, बसायला गाद्या आणल्या, थोडी नवी पुस्तकंही घेतली. तरी मुलं आठवड्याच्या ठरलेल्या तासालाच येतात, हाताला लागेल ते पुस्तक उचलतात आणि घंटेकडे कान लावून बसतात. मधल्या सुट्टीत खोली रिकामी असते. आता आणखी काय करायला हवं, असं त्यांनी विचारलं आहे.

बाई, तुम्ही केलेलं काही वाया गेलेलं नाही. रंग, गाद्या, चित्रं हे सगळं पुढे कामी येईल. पण शाळेच्या ग्रंथालयात २६ वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की, इथे आपलं काही चुकलं तर काय होईल, याचा अंदाज घेऊन मुलं यायचं की नाही ते ठरवतात. पुस्तक फाटलं तर? उशीर झाला तर? सोपं पुस्तक घेतलं तर? नुसतं बसलो तर? बाईंनी विचारलं आणि सांगता आलं नाही तर? या प्रश्नांची उत्तरं त्यांना कोणी तोंडी दिलेली नसतात, तरी ती त्यांना पक्की ठाऊक असतात. म्हणून सध्या काही विकत घेऊ नका. आठवडाभर फक्त बघा.

तासाच्या वेळी आपलं टेबल सोडून कोपऱ्यात बसा. एकच मूल नजरेत धरा आणि ते दारातून आत आल्यापासून पुस्तक घेऊन बसेपर्यंत काय काय घडतं ते लिहून काढा. कुठे थांबलं, कोणाकडे बघितलं, कोणत्या कपाटाकडे फिरकलंच नाही, कोणतं पुस्तक काढून परत ठेवलं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला नोकरीत ९ वर्षं झाली होती. दारापासून टेबलापर्यंतच्या पाट्यांवर ११ वेळा ‘नये’ किंवा ‘मनाई’ लिहिलेलं मला त्या दिवशी दिसलं. बऱ्याच पाट्या माझ्याच अक्षरातल्या होत्या. मग मी गुडघ्यांवर बसून खोली बघितली. आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर येणाऱ्या कप्प्यात बांधणी केलेले जुने वार्षिक अंक होते आणि गोष्टींची पुस्तकं माझ्या खांद्याच्या उंचीवर होती. ती तिथे होती, कारण मला काढून द्यायला सोयीची पडत होती. पाट्या त्याच संध्याकाळी उतरवल्या. दोनच ठेवल्या, एक खोली उघडी असण्याच्या वेळेची आणि दुसरी ‘काही सापडत नसेल तर विचारा’ अशी. कप्पे बदलायला आठवडा गेला.

तुमच्याकडे कपाटांना कुलपं आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर आधी त्याबद्दल बोलायला हवं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला पहिला अगदी साधा आहे: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. इतकी उघड गोष्ट सिद्धांत म्हणून सांगावी लागली, कारण ग्रंथालयांचा मोठा इतिहास पुस्तकं जपण्याचा आहे, देण्याचा नाही. मध्ययुगीन युरोपात पुस्तकं कपाटाला साखळीनं बांधत. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये तसं ग्रंथालय आजही बघायला मिळतं. साखळी समोरच्या कडेला अडकवलेली असल्यामुळे तिथली पुस्तकं कणा आत आणि पानांची कड बाहेर अशी ठेवलेली आहेत. आपल्या काचेच्या कपाटाचं कुलूप ही त्याच साखळीची पुढची पिढी आहे. पुस्तक दिसतं, पण चाळता येत नाही. चाळल्याशिवाय निवड होत नाही, आणि न निवडलेलं पुस्तक मूल क्वचितच पुरतं वाचतं.

कुलूप लावणारी व्यक्ती वाईट असते असं मी म्हणत नाही. साठा पडताळणीत दहा पुस्तकं कमी भरली तर जबाब कोणाला द्यावा लागतो? ज्याच्या ताब्यात ग्रंथालय आहे त्याला. रक्कम आपल्या पगारातून भरावी लागेल ही धास्ती मी स्वतः बरीच वर्षं बाळगली. ही धास्ती वरून खाली उतरत येते. मुख्याध्यापकांना तपासणीची, ग्रंथपालाला मुख्याध्यापकांची आणि मुलाला ग्रंथपालाची. म्हणून मुक्तद्वार पद्धत, म्हणजे कपाटं उघडी ठेवून मुलांना स्वतः पुस्तकं काढू देणं, सुरू करण्याआधी मुख्याध्यापकांशी शांतपणे बसून बोला. वापरात असलेली पुस्तकं झिजतात, थोडी हरवतात, आणि वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंतची तूट ही वापराची झीज धरली जाईल, एवढं त्यांच्याकडून लेखी घ्या. हा कागद आधी तुमची भीती घालवेल. तुमची गेल्याशिवाय मुलांची जाणार नाही. तुमच्या संस्थेचे नियम एवढी मोकळीक देत नसतील, तर निदान शंभरेक पुस्तकं नोंदीसकट उघड्या मांडणीवर काढा आणि वर्षअखेर किती परत आली ते दाखवा. माझ्या मुख्याध्यापकांचं मन अशाच आकड्यानं वळलं होतं.

आता हरवलेल्या पुस्तकाविषयी. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझ्या कामातली सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

सहावीतला एक मुलगा दर आठवड्याला दोन पुस्तकं न्यायचा. बोलायचा कमी, पण पुस्तक परत देताना त्यातलं एखादं चित्र उघडून दाखवायचा. एके दिवशी यायचा थांबला. तासाला आला तरी मागे बसून राहायचा. मी नोंदवही बघितली, एक पुस्तक त्याच्या नावावर बाकी होतं. मी वर्गात जाऊन सगळ्यांसमोर आठवण करून दिली. नंतर पुन्हा एकदा, दंडाच्या आकड्यासह. वर्ष संपताना त्याची आई ते पुस्तक घेऊन आली. पावसात दप्तर भिजलं होतं आणि पानं एकमेकांना चिकटली होती. त्यानं ते सहा महिने कपड्यांच्या खाली लपवून ठेवलं होतं. ग्रंथालयासमोरचा जिना टाळून तो दुसऱ्या बाजूनं वर्गात जायचा, हेही आईनं सांगितलं. पुस्तक पातळ होतं. दुसरी प्रत आम्ही सहज घेतली असती. त्याच्यासारखा वाचक मात्र मी घालवला. पुढच्या वर्षी मी त्याला बोलावलं, समजावलं. तो नम्रपणे हो म्हणाला आणि आला नाही.

त्यानंतर मी दंड बंद करायला लावला. दंडामुळे शिस्त लागते, असं तुम्हाला सहकारी सांगतील. माझा अनुभव असा की ज्याच्या घरून पैसे मिळू शकतात तो दंड भरून विसरतो, आणि ज्याच्या घरी मागायची सोय नसते तो पुस्तक आणणं आणि येणं दोन्ही थांबवतो. दंडाची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं जानेवारी २०१९ मध्ये ठराव करून दंड हा सामाजिक विषमतेचा प्रकार असल्याचं म्हटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयानं विलंब दंड रद्द केला. त्यानंतर लोक जुनी राहिलेली पुस्तकं घेऊन परत येऊ लागले. शाळेत तर आपण मुलाला रोज बघतो. त्याला गाठायला दंडाची गरजच नाही.

दंडाऐवजी माझ्याकडे एकच नियम आहे आणि तो मी वर्षाच्या पहिल्या तासाला मोठ्यानं सांगते: पुस्तक भिजलं, फाटलं, हरवलं तर येऊन सांगायचं. सांगितलं की विषय संपला. आणि तो खरोखर संपवायचा. ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणायचं, नोंद करायची आणि त्याच वेळी दुसरं पुस्तक हातात द्यायचं. पहिल्या मुलाशी तुम्ही कसं वागता ते संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गाला कळतं. त्यामुळे पहिल्या वेळी चेहऱ्यावरसुद्धा नाराजी दिसता कामा नये. तोंडानं ‘असू दे’ आणि कपाळावर आठी असं झालं, तर मुलं आठीवर विश्वास ठेवतात. दाराबाहेर झाकण असलेली एक पेटीही ठेवा. उशीर झालेलं पुस्तक कोणाला तोंड न दाखवता तिच्यात टाकता येतं. आमच्या पेटीत पहिल्या महिन्यात दोन वर्षांपूर्वीची पुस्तकं निघाली होती.

बाकी राहिलेल्या पुस्तकाची आठवण वर्गात जाऊन नावानिशी करू नका. घडी घातलेली चिठ्ठी त्या मुलाच्या हातात द्या. पुस्तक बाकी असताना दुसरं द्यायचं की नाही? मी देते, एक तरी देते.

भिजलेलं पुस्तक टाकायचीही घाई करू नये. उन्हात ठेवलं तर पानं वाकडी होतात आणि पुठ्ठा फुगतो. ते उभं, किंचित उघडं ठेवायचं, दर वीसेक पानांमध्ये टीपकागद घालायचा, पंख्याचा वारा द्यायचा, कागद ओले झाले की बदलायचे. जवळजवळ सुकल्यावर जड वजनाखाली दाबून ठेवायचं. हे पहिल्या दोन दिवसांत व्हायला हवं, कारण त्यानंतर बुरशी धरते. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटून येते आणि डाग मागे राहतो. पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाच्या पिठाची किंवा स्टार्चची खळ चांगली. आमच्या खोलीत खिडकीपाशी दुरुस्तीचं टेबल आहे. आठवड्यातून एकदा मुलं तिथे बसून पुस्तकं दुरुस्त करतात. जो पुस्तक फाडून येतो त्यालाही तिथे बसायचं असेल तर जागा असते. शिक्षा म्हणून मात्र कोणाला बसवायचं नाही. आपल्या हातानं जोडलेलं पुस्तक मूल आधी वाचून बघतं, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता त्याचं नवल वाटत नाही.

दुसरं मोठं काम पुस्तकं काढून टाकण्याचं. नवी पुस्तकं आणूनही मुलं येत नाहीत, असं तुम्ही लिहिता. ती नवी पुस्तकं कुठे ठेवली आहेत? बहुधा जुन्यांच्या मध्ये, दाटीत. गच्च भरलेल्या कप्प्यातून लहान हातांना पुस्तक ओढून काढता येत नाही आणि काढलेलं परत घालता येत नाही, म्हणून मुलं काढतच नाहीत. ग्रंथपालांमध्ये बाद करण्याच्या सहा कसोट्या प्रसिद्ध आहेत. १९७६ साली टेक्सासमध्ये तयार झालेल्या एका पद्धतीतून त्या आल्या. मजकूर दिशाभूल करतो का, प्रत इतकी घाण किंवा फाटकी झाली आहे का की हातात धरवत नाही, त्याची सुधारित आवृत्ती आली आहे का, पुस्तक उथळ आहे का, आपल्या वाचकांशी त्याचा संबंध उरला आहे का, आणि तेच दुसरीकडे सहज मिळतं का. सूर्यमालेत नऊ ग्रह सांगणारं पुस्तक २००६ च्या ऑगस्टनंतर पहिल्याच कसोटीला बाद होतं, तरी अशी पुस्तकं मला कितीतरी शाळांत मांडणीवर भेटतात. मूल त्यावरून उत्तर लिहितं आणि चूक ठरतं. पुस्तकावर विश्वास ठेवल्याची ही शिक्षा त्याला आपण देतो.

हे काम एकटीनं करू नका. निर्लेखनाची, म्हणजे पुस्तकं नोंदीतून बाद करण्याची, तुमच्याकडे जी रीत असेल तिच्याप्रमाणे यादी करा, दोन शिक्षकांना बरोबर घ्या, मुख्याध्यापकांची सही घ्या आणि दाखल नोंदवहीत प्रत्येक नोंदीसमोर तसं लिहा. जुनं पण मोलाचं, शाळेच्या इतिहासाशी जोडलेलं असं काही निघालं तर ते वेगळं जपा. एरवी माया करू नका. कप्पा दोन तृतीयांश भरलेला असला की पुरे. उरलेल्या जागेत काही पुस्तकं मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी करा. मूल कण्यावरचं बारीक अक्षर वाचत फिरत नाही, ते चित्र बघून थांबतं. आम्ही जवळजवळ तिसरा हिस्सा पुस्तकं काढली त्या आठवड्यात एकही नवं पुस्तक आलेलं नव्हतं, पण मुलं विचारत होती, ‘बाई, नवीन पुस्तकं आली का?’

मांडणीचं बोलायचं तर विषयानुसार आकडे देऊन पुस्तकं लावण्याची मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धत १८७६ पासून वापरात आहे आणि तिच्यात काही खोट नाही. पण दशांश अपूर्णांक ज्यांनी अजून शिकलेले नाहीत त्यांना ५६७.९ हा आकडा काही सांगत नाही. तो डायनोसॉरचा आहे. कुत्रा ६३६.७ वर असतो आणि खेळ ७९६ वर. कण्यावरचे वर्गांक आहेत तसेच ठेवा, मोठी मुलं ते शिकतील. कप्प्याच्या कडेला मात्र चित्र आणि मुलांच्या तोंडचा शब्द लावा: डायनोसॉर, कुत्री-मांजरं, भुतं, कोडी, अवकाश, चित्र कसं काढायचं. नावं मुलांकडूनच काढून घ्या. आमच्याकडे ‘विज्ञान’ असं लिहिलेल्या कप्प्यापाशी कोणी थांबत नव्हतं. एका मुलीनं त्याचं नाव ‘असं का होतं?’ ठेवलं आणि तो कप्पा चालू लागला.

चित्रकथांना वेगळं, खालचं स्थान देऊ नका. चित्र आणि शब्द एकत्र वाचणं हे वाचणंच आहे. पातळ पुस्तक, चित्राचं पुस्तक, तेच पुस्तक पाचव्यांदा, सगळं चालतं. ‘हे तुझ्या वयाचं नाही’ हे वाक्य मी कामातून काढून टाकलं आहे. जो मुलगा सातवीत असून दुसरीच्या पातळीचं वाचतो, त्याला ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्याला वर्गासमोर ते पुस्तक उचलायला किती धैर्य लागतं याचा विचार करा. पातळीनुसार रंगाच्या टिकल्या लावायच्याच असतील तर आतल्या पानावर लावा, बाहेर नको. मुलांना हवं तर पाच बोटांची युक्ती शिकवा: मधलं कुठलंही पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही मिटली तर हे पुस्तक आत्ता कोणाबरोबर तरी वाचू, असं ठरवायचं. तेही त्याला हवं असेल तरच घेऊ द्या.

पुस्तकात आपल्यासारखं कोणीच नाही, असं ज्या मुलाला दिसतं ते लवकर दूर जातं. अमेरिकेतल्या अभ्यासक रुडिन सिम्स बिशप यांनी १९९० साली पुस्तकांना आरसे (स्वतःला बघायला), खिडक्या (दुसऱ्यांचं जग बघायला) आणि सरकती दारं (त्या जगात शिरायला) म्हटलं, ते मला रोज उपयोगी पडतं. वर्गाची हजेरी समोर घ्या आणि विचारा: यातल्या कोणाला इथे आरसा सापडत नाही? चाकाच्या खुर्चीतली मुलगी, घरी वेगळी भाषा बोलणारा मुलगा, आईवडील नसलेलं मूल. पुढच्या खरेदीची यादी तिथून करा.

आणि आता संभाषण. न वाचणाऱ्या मुलाला ‘तुला काय वाचायला आवडतं?’ हा प्रश्न विचारू नये. त्याला उत्तर येत नाही, आणि उत्तर न येण्याचा अनुभव त्याला वर्गात पुरेसा मिळतो. मी विचारते, सुट्टीच्या दिवशी काय करतोस? शेवटचं कशाला खूप हसलास? कशाची भीती वाटते? एकानं सांगितलं की तो तासन्‌तास मुंग्या बघतो. त्याच्यासमोर तीन पुस्तकं ठेवली. एक मुंग्यांच्या छायाचित्रांचं, एक किड्यांची चित्रं काढायला शिकवणारं आणि एक छोट्या प्राण्याच्या प्रवासाची गोष्ट. मग मी तिथून निघून गेले. निघून जाणं महत्त्वाचं आहे. आपण उभ्या राहिलो की मूल आपल्याला बरं वाटावं म्हणून निवडतं. तिन्ही ठेवून तो गेला असता तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी आणखी तीन.

पुस्तक परत येताना परीक्षा घेऊ नका. सारांश, तात्पर्य, नवे शब्द, आवडलेलं पात्र आणि का, ही यादी वाचनाच्या शेवटी उभी आहे हे कळलं की मूल पुस्तक त्या यादीसाठी वाचतं, आणि पुढचं घेताना सगळ्यात पातळ घेतं. भाषेचे सहकारी माझ्याशी यावर भांडले आहेत. त्यांना मी सांगितलं, तुमच्या तासाला जरूर लिहून घ्या, मी तुम्हाला पुस्तकं काढून देईन. पण घरी नेलेलं पुस्तक त्यातून मोकळं ठेवा. मी फक्त ‘कुठवर गेलास?’ एवढं विचारते. ‘दहा पानं, मग कंटाळा आला’ हे उत्तर मला पूर्ण चालतं. कोणत्या पानावर कंटाळा आला हे सांगणारं मूल वाचक झालेलं असतं.

शांततेबद्दल दोन गोष्टी. दोन मुलं एका पुस्तकावर वाकून कुजबुजत असतील, तर आपण ज्यासाठी एवढं करतो तेच तिथे चाललेलं असतं. त्यांना गप्प करू नका. पण सगळीकडे गलकाही नको, कारण काही मुलं ग्रंथालयात येतात तीच मैदानातला आवाज सोसत नाही म्हणून. खोली लहान असली तरी दोन भाग करा. दाराजवळ बोलायचं, आतल्या टोकाला हळू. कपाट आडवं टाकून हे सहज होतं.

आतल्या टोकाबद्दल मला एक सांगायचं आहे. एक मुलगी वर्षभर मधल्या सुट्टीत दोन कपाटांच्या मध्ये जमिनीवर बसायची. पुस्तक मांडीवर असायचं, पान उलटत नसे. मला अनेकदा वाटलं की बोलावं, एखादं पुस्तक सुचवावं. मी बोलले नाही, फक्त तिथली ट्यूब बंद पडली ती बदलून घेतली आणि एक आसन ठेवलं. दुसऱ्या वर्षी एक दिवस ती म्हणाली, ‘बाई, या कप्प्यातले नंबर चुकलेत.’ खरंच चुकले होते. त्या दिवसापासून तो कप्पा तिच्याकडे होता. वर्गात तिला मैत्रिणी नव्हत्या, हे मला खूप नंतर समजलं. शाळेत बिनाकारण बसता येईल अशी तिला दुसरी जागा नव्हती. वाचत नाही म्हणून मी तिला उठवलं असतं तर ती कुठे गेली असती, हा विचार मला अजून येतो. ‘वाचायचं नसेल तर बाहेर’ असा नियम तुमच्याकडे असेल तर तो आजच काढा.

याच कारणासाठी, वर्गातून बाहेर काढलेल्या मुलांना शिक्षा म्हणून ग्रंथालयात पाठवण्याची पद्धत असेल तर ती थांबवायला सांगा. गृहपाठ केला नाही म्हणून ग्रंथालयाचा तास काढून घेणंही थांबवा. पहिल्यात ही खोली शिक्षा ठरते आणि दुसऱ्यात बक्षीस. मुलाला दोन्ही वेळी कळतं की इथे येणं त्याच्या हातात नाही. ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्ला आणि युनेस्को यांच्या शालेय ग्रंथालय जाहीरनाम्यात सेवा शाळेतल्या सर्वांना समान मिळावी असं म्हटलं आहे. ‘सर्वांना’ या शब्दात गृहपाठ न करणारे येतात, मस्ती करणारे येतात, पुस्तक हरवणारेही येतात.

मदतनीस निवडताना पहिल्या तीन क्रमांकांची मुलं घेऊ नका. त्यांना शाळेत पुष्कळ मान मिळतो. शिक्का मारणं, देवघेवीची नोंद, कप्पे लावणं हे काम ज्याला वर्गात स्थिर बसवत नाही त्याला द्या. देवघेवीच्या टेबलावर मूल बसलेलं दिसलं की रांगेतल्या मुलांची भीड निम्मी होते.

खोलीच्या मापांबद्दल थोडक्यात: लहान मुलांची मांडणी चार फुटांपेक्षा उंच नको, दोन मांडण्यांमध्ये चाकाची खुर्ची जाईल एवढी जागा हवी, म्हणजे निदान ९० सेंटिमीटर आणि शक्यतो जास्त, उजेड पानावर पडायला हवा, डोळ्यांत नको, आणि आपलं टेबल दाराच्या तोंडाशी नको. आत येणाऱ्याला पहिल्यांदा पुस्तकं दिसू देत, मग आपण.

वेळ मात्र या सगळ्यापेक्षा मोठा मुद्दा आहे. आठवड्यातून एक तास उघडणाऱ्या खोलीशी कोणाचं नातं जुळत नाही. तुमच्याकडे वर्गाचं कामही आहे, म्हणून दिवसभर उघडं ठेवणं शक्य नाही हे मला कळतं. रोज मधल्या सुट्टीत वीस मिनिटं ठेवा, पण रोज ठेवा. दोन दिवस बंद सापडलं की मूल तिसऱ्या दिवशी येत नाही. तुम्हाला जमणार नसेल त्या दिवशी कोण उघडेल ते आधी ठरवून ठेवा. ठरलेल्या तासाला पहिली दहा मिनिटं तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, मोठ्या वर्गांनाही. रंगात आल्यावर थांबा आणि ते पुस्तक टेबलावर ठेवून द्या.

किती पुस्तकं गेली यावरून काम मोजू नका. आकडा मोठा दिसतो आणि त्यात वीस मुलंच पुन्हा पुन्हा असतात. देवघेवीची नोंदवही आणि वर्गाची हजेरी शेजारी ठेवा. ज्यांच्या नावावर या वर्षी एकही पुस्तक गेलेलं नाही त्यांची यादी करा. यादी पाहून वाईट वाटेल, मलाही दर वर्षी वाटतं. ती भिंतीवर लावायची नाही आणि वर्गशिक्षकांनाही द्यायची नाही, आपल्या खणात ठेवायची. त्यातली तीन नावं घ्या. या आठवड्यात त्या तिघांना मैदानावर, जिन्यात, कुठेही गाठा, पुस्तकाचा विषय काढू नका, सुट्टीच्या दिवशी काय करतात ते विचारा, आणि त्यांनी काय सांगितलं ते मला कळवा. पुस्तकं आपण दोघी मिळून शोधू.